उजव्या गालावरची लाली

बाळाच्या उजव्या गालावर पुन्हा खरखरीत लाली उमटली आणि मी सासूबाईंची तेलाची वाटी उचलून वरच्या फळीवर ठेवली.

"तुझ्या नवऱ्याला याच तेलानं चोळून मोठा केलाय."

"आई, तेव्हा कुणी तपासून घेत नव्हतं."

"तपासून घेतलं असतं तर त्याला घरात घेतलाच नसता!"

हसल्या खऱ्या, पण मालिशच्या वेळी हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मला बघवेना. तरी वाटी खाली काढली नाही.

बाळाच्या साबणाची, क्रीमची बारीक अक्षरं मोबाइलवर मोठी करकरून वाचली होती. सुगंधी म्हणून जे काही होतं ते घराबाहेर गेलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या बिनवासाच्या मलमानं गाल निवायचा आणि परत भडकायचा. बाकी अंग मात्र लख्ख. तेल तर सगळ्या अंगाला लागत होतं!

तेवढ्यात नवरा दुकानातून आला. त्याचं केस कापायचं दुकान आहे. नेहमीसारखे कोपरापर्यंत हात धुऊन त्यानं बाळाला डाव्या खांद्यावर टाकलं. बाळानं मानेकडे तोंड करून उजवा गाल शर्टावर दाबला.

"थांब!" मी खांद्याशी नाक नेलं.

"अगं, आई बसलीये," तो कुजबुजला.

शर्टाला दाढीनंतरच्या लोशनचा घमघमाट होता. गिऱ्हाइकांवर मारलेला फवारा दिवसभर याच्या अंगावर उडतो.

"पण मी हात धुतो ना!"

"आणि खांदा कोण धुणार?"

"घ्या," सासूबाई म्हणाल्या, "चोर घरातच, आणि तोही लाडका."

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "शक्य आहे. शर्ट बदलून बघा. गाल शांत होईपर्यंत तेल नको, मग आधी पायावर थोडंसं लावून बघा."

गाल हळूहळू निवत गेला. मग पायावर तेलाचं बोट फिरवलं. काही उठलं नाही. सासूबाईंना मी म्हटलं, "आजपासून तुम्हीच लावा." त्यांनी बाह्या अशा सरसावल्या, की मला बाजूलाच व्हावं लागलं.

आता नवरा आला की आधी मान-खांदे धुतो, घरातला शर्ट चढवतो. तोवर बाळ पाय झाडत आरडाओरडा करतं.

"आलो रे, आलो! गिऱ्हाईक तरी इतकी घाई करत नाही!"

खांद्यावर गेल्या गेल्या ते गप्प होतं. मी पुढे होऊन गाल बघते. मऊ लागतो. मग अजून एकदा बघते, उगाचच.