चकचकीत दातांची फणी

"तुझे दात चकचकीत दिसायला लागले, तर समज, कुठंतरी पाणी मुरतंय." माझा शेवटचा दात घासताना सुतारकाकांनी मला बजावलं होतं. मी मनातल्या मनात हसले. चकचकीत दिसायला कुणाला आवडत नाही?

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फणी आहे. सशांच्या लोकरीच्या टोप्या विणणाऱ्या कारखान्यात माझा अर्धा जन्म गेला. तिथल्या मावशी एकेका सशाला मांडीवर घेऊन अर्धा-अर्धा तास विंचरत. सुटे झालेले तेवढेच केस माझ्या दातांत येत. कानाला खाच असलेला फाटक्या तर विंचरता विंचरता डुलक्या काढायचा. "फणी आहे की आईचा हात!" मावशी म्हणायच्या आणि मी फुशारून जायचे.

पुढे मालकांना घाई झाली. "मावशी, तुम्ही सशांना विंचरता की अंगाई गाता?" मावशींना घरी बसवलं आणि मला पुढच्या खोलीत खिळ्याला टांगलं. रोज तेल लावून पुसायचे. गिऱ्हाईक आलं की एकच गुबगुबीत ससा टेबलावर यायचा, त्याच्या पाठीवरून मला चारदा फिरवायचे. मागच्या खोलीचं दार मात्र कायम बंद. त्यापलीकडून मधूनच बारीक किंकाळी यायची. ससा सहसा ओरडत नाही, मित्रांनो. मी स्वतःला सांगायचे, बिजागरी कुरकुरत असेल.

एके दिवशी एक तरुण आई आली. कडेवर बाळ, त्याच्या डोक्यावर इथलीच टोपी. आता मोठ्या मापाची हवी होती. पण तिची नजर माझ्यावरच खिळलेली.

"हिनं किती ससे विंचरता?"

"सगळेच, ताई. लेकरासारखे सांभाळतो."

"मग हिच्यात एक केससुद्धा कसा नाही? माझ्या या एवढ्याशा पोराची फणी दिवसाआड धुवावी लागते."

"स्वच्छता हो, ताई!"

"दुसरा ससा आणा. मी विंचरते."

"ते झोपलेत."

"सगळे?"

मालकांनी हो-ना करत एक ससा आणला. फाटक्या! कानाच्या खाचेवरून ओळखला. दोन्ही कुशी उघड्या, लालभडक. माणसाचा हात दिसताच तो टेबलाला चिकटला. मला मात्र त्यानं हुंगलं.

"विंचरून असं होतं? केस मुळासकट उपटता तुम्ही!"

"पुन्हा येतात हो, ताई."

तिनं बाळाच्या डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. "हा ससा मला द्या."

"तो विकायचा नाही. हवी तर फणी न्या."

आता मी बाळाचे केस विंचरते. माझे दात पुन्हा मळलेत. बाळाला सुती टोपी आहे. आई साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून विचारते, "हे कुणाच्या अंगावरून आलं? कसं काढलं?" दुकानदार कुजबुजतात, "आल्या चौकशीबाई!" तिला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते फाटक्याचं. ती दोनदा जाऊन आली, तिला आत घेतलं नाही. दारावर पाटी लागलीय, 'प्रेमानं विंचरलेली लोकर'. खिळ्याला नवी फणीही आहे म्हणे.

मित्रांनो, तुम्हाला आत घेतील. टोपी बघायच्या निमित्तानं जा. आधी त्या फणीचे दात बघा. मग मागच्या खोलीतला, कानाला खाच असलेला ससा बाहेर आणायला सांगा. तो कसा आहे, एवढं बघून या.