आठ तारांचा घोडा

घोडा मागं पळाला.

म्हणजे ऐका ना, लोणंदमधली कांद्याची वखार, दिवसाढवळ्या दारं लावून आत अंधार केलेला. समोर बांबूच्या चौकटीवर रंगीत बल्बांचे आठ घोडे, एका ओळीत, तोंडं उजवीकडं, प्रत्येकाचे पाय वेगळे. एक विझला की शेजारचा पेटणार, आणि बघणाऱ्याला वाटणार एकच घोडा दौडतोय. अर्फानं कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि घोडा दौडलाही. फक्त शेपटीकडून.

"आगं, ह्यो माघारी चाललाय," अब्बा म्हणाले.

अब्बा म्हणजे रहिमानभाई लायटिंगवाले. आजवर त्यांची लायटिंग ड्रमवर चालायची. मोटरीवर गरगर फिरणारा लाकडी ड्रम, त्याला ठोकलेल्या पितळी पट्ट्या, पट्टी तारेला टेकली की बल्ब पेटला. पण अर्फा साताऱ्याला कॉम्प्युटर क्लासला जायला लागली आणि तिला त्याचं असं काही खूळ लागलं की विचारू नका. एसटीत उभी राहून वहीत प्रोग्रॅम लिहायची. पोळी करपली तरी पत्ता नाही. आणि घरी आल्यावर एकच धोशा, "अब्बा, ड्रमवर पट्ट्या ठोकल्या की नक्षी ठरली. कॉम्प्युटरवर मी रोज नवी नक्षी लिहीन."

महिनाभर अब्बांनी ऐकून घेतलं. मग एक दिवस उठले, ड्रम फोडला आणि त्याच्या पट्ट्या काढून हिच्या हातात दिल्या. तिनं त्यांचे आठ खटके केले, कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर उघडणारे-मिटणारे. क्लासच्या नागसेन सरांनी एका दिवसापुरता कॉम्प्युटर दिला, तो वाकळेत गुंडाळून टेंपोतून आला. म्हणजे आता ड्रमही नाही, आणि उद्या कॉम्प्युटरही नाही.

आणि आज शिवजयंती. घोडा महाराजांचा.

पाच वाजता मंडळाचे अध्यक्ष मानसिंगदादा बघायला येणार होते. साडेचार झालेले. अब्बा कांद्याच्या पोत्यावर बसले, टोपी काढून हातात घेतली.

"अर्फा, महाराजांचा घोडा माघार घेतोय. अन् लायटिंगवाला कोण, तर रहिमान. कळतंय का तुला?"

"आवं अब्बा, मानसिंगदादा तसले न्हाईत."

"ते न्हाईत गं. बघायला आख्खं गाव येणार. मुंबईत दंगल झाली त्याला तीन म्हैने न्हाई झालं. लोक पेपर वाचत्यात."

लोणंदमध्ये काहीच झालं नव्हतं. पण तेव्हापासून अब्बा चौकातून जरा भरभर चालायचे, हे अर्फानं पाहिलं होतं. तिनं प्रोग्रॅम पहिल्यापासून वाचला. एक ते आठ. एक पेटव, विझव, दोन पेटव, विझव. काही चुकलेलं नाही. परत वाचला. तरी नाही.

मग ती उठून चौकटीपाशी गेली. "अब्बा, एक नंबरची तार कुठल्या घोड्याला जोडली?"

"ह्या." अब्बांनी उजव्या टोकाच्या घोड्यावर हात ठेवला.

"उजवीकडनं?"

"मग काय मधनं सुरू करू?"

अर्फा बघतच राहिली. अब्बांची शाळा म्हणजे मशिदीतली. उर्दूचं पान उजवीकडून सुरू होणार, ओळ उजवीकडून, तर तारासुद्धा उजवीकडूनच. तीस वर्षं ड्रमही त्यांचा आणि ताराही त्यांच्याच, त्यामुळे कधी कुठं अडलंच नाही. आणि ही पडली मराठी शाळेतली, हिचा एक डावीकडं. तिला हसूच फुटलं.

"दात काय काढतीस? आठी तारांना कथलाचा डाग दिलाय. सोडवून परत जोडायच्या म्हंजी तास गेला बघ."

"तारांना हात लावू नका," अर्फा म्हणाली आणि खुर्चीकडं पळाली.

एक ते आठच्या जागी तिनं लिहिलं, आठ ते एक. बास. एवढंच. तेवढ्यात दार वाजलं, करकरत उघडलं, आणि मानसिंगदादा आत आले, दारातनं उन्हाचा पट्टा घेऊन. अर्फानं श्वास धरला आणि बटण दाबलं.

घोडा तोंडाकडून पळाला. डावीकडून उजवीकडं, मान वर करून. पुन्हा पळाला. पुन्हा. अब्बांनी टोपी डोक्यावर घातली आणि असा काही लांब श्वास सोडला की पोत्यावरचं फोलपट उडालं.

"आयला, रहिमानभाई, पळतोय की गडी," मानसिंगदादा म्हणाले. जरा वेळ बघून मान तिरकी केली. "पण वाईच दमानं चाललाय. महाराज काय वरातीला निघाल्यात व्हय? जरा पळवा की जोरात."

एरवी अब्बा 'व्हय दादा, करतो दादा' म्हणत उठले असते. ते जागचे हलले नाहीत.

"त्यातलं मला काय कळत न्हाई," ते म्हणाले. "मिस्त्री ही हाय. हिला सांगा."

मानसिंगदादांनी अर्फाकडं पाहिलं. ही पोर फ्रॉकमध्ये असल्यापासून ते तिला 'ए पोरी' म्हणत आलेले. त्यांनी घसा खाकरला.

"मग... जरा जोरात पळवता का तुमी?"

"पळवते," अर्फा म्हणाली. पडद्यावरची नजर तिनं काढली नव्हती. एकेक घोडा किती वेळ पेटून राहायचा, तो आकडा खोडून ती लहान आकडा लिहीत होती. "आधी तेवढं दार लावा. उजेड येतोय."

मानसिंगदादा गेले आणि दार लावून आले.