मानुषोत्तराच्या पलीकडे

शाईवर साय धरली होती. काडीनं बाजूला सारली तरी ती पुन्हा मध्ये येत होती, बशीच्या काठाला चिकटून सुरकुतत होती — धरणेंद्र मास्तरांनी काडी आपटली, उठले, पुन्हा बसले. सकाळचे सात वाजले होते. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून माणूस बसलाय आणि शाईवर चिडतोय... शाईनं काय घोडं मारलं होतं? काल दुपारभर कस्तुरीनं काजळ आणि डिंक घोटून केलेली शाई, काळीभोर. फडक्यातून गाळली की झालं. गाळा. आपल्या लोकांना गाळायला काय लागतं! पाणी गाळून पितात, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पाय हवेत धरून उभे राहतात, आणि अडीचशे वर्षांची पोथी दगड बांधून कृष्णेच्या डोहात सोडतात. बँड लावून.

ही तिडीक आठ दिवस झाले तरी उतरत नव्हती. शाळेतून ड्रॉइंग मास्तर म्हणून रिटायर झाल्यावर तीन वर्षं, रोज सकाळी, बस्तीच्या, म्हणजे गावच्या जैन मंदिराच्या, ओसरीवर मांडी घालून त्यांनी त्या जुन्या पोथीची नक्कल केली होती. एकतीस पानं. पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभा असलेला लोकपुरुष — खाली पायांत सात नरक, कमरेशी आपला मध्यलोक, त्यावर स्वर्ग, कपाळावर मुक्त जीवांच्या सिद्धशिलेची चंद्रकोर. मग जंबूद्वीप, त्यावरचे दोन सूर्य आणि दोन चंद्र, त्याभोवती समुद्र, त्याभोवती पुन्हा द्वीप, पुन्हा समुद्र. कस्तुरी शेजारी बसून तांबड्या-पिवळ्या रंगांसाठी हिंगूळ नि हरताळ खलायची, बायको म्हणून नव्हे तर जणू पगारी माणूस असावी इतक्या गुमान. काम पुरं झालं तेव्हा पंचांच्या बैठकीत मास्तर म्हणाले होते, की जुनी पोथी आता हात लावण्याजोगी राहिली नाही. म्हणजे काचेत ठेवा. म्हणजे उघडू नका. एवढं साधं बोलणं! त्यानंतर ते साताऱ्याला लेकीकडे, गुणमालाकडे गेले, मोतीबिंदू काढून घेतला, महिनाभर डोळ्यावर हिरवी झडप बांधून पडून राहिले, आणि जाड भिंगांचा चष्मा लावून परत आले तर बस्तीच्या कपाटात त्या दोन्हींपैकी एकच पोथी होती. त्यांची.

जिनपाल पाटील, बस्तीच्या पंचांचा अध्यक्ष, तीस एकर उसाचा मालक. त्याला विचारलं तर त्याच्या तोंडावर अपराधाची रेघ नाही. उलट कौतुकच.

"तुमीच म्हनला न्हवं, जुनी हात लावायजोगी ऱ्हायली न्हाई म्हनून? मग तिची हेळसांड कशाला? रीतीनं सोडली, मास्तर. लय चांगली सोडली."

रीतीनं! आणि रीत होतीच, हीच तर आग आहे. जीर्ण शास्त्र कुणाच्या पायदळी येऊ नये म्हणून नवी नक्कल झाली की जुनं वाहत्या पाण्यात सोडायचं. मास्तरांच्या वडिलांनी सोडलं होतं, मास्तर स्वतः लहानपणी काठावर उभे होते, ओंजळीत तांदूळ घेऊन. मग बैठकीत बोलताना तुला हे आठवलं नाही, धरणेंद्रा? ड्रॉइंगच्या परीक्षा घेत जिल्हाभर हिंडलास म्हणून तू शहाणा झालास आणि गाव गावंढळ राहिलं, असं वाटलं का तुला? ... नाही, पण जिनपालनं विचारायला नको? साताऱ्याला एक कार्ड टाकायला काय धाड भरली होती? पंधरा पैशांचं कार्ड!

तोच जिनपाल काल संध्याकाळी राजदूत फटफटीवरून आला आणि दारातूनच बोलून गेला. उद्या श्रुतपंचमी, सगळी शास्त्रं बाहेर काढायची, ऊन द्यायचं, नवी वेष्टनं बांधायची. दुपारी जीप येणार. भगवंतांच्या पंचवीसशेव्या निर्वाणवर्षाचं प्रदर्शन सांगलीत भरलंय, त्यात आपल्या गावची पोथी पहिल्या टेबलावर. सगळं तयार आहे, फक्त शेवटची ओळ मास्तरांनी घालायची राहिली आहे. ती ओळ मास्तरांना पाठ होती. शेकडो वर्षं नक्कल करणारा प्रत्येक जण पोथीच्या शेवटी तेच लिहीत आला — जसं पाहिलं तसं लिहिलं, चूक असेल तर दोष माझा नाही. खाली नाव, तिथी, गाव. एका ओळीचं काम. आणि ती ओळ लिहिता येत नव्हती, म्हणून तर तीन वर्षांचं काम पुरं होऊनही शेवटचं पान कोरं होतं.

मास्तर शाईची बशी घेऊन बस्तीत पोचले तेव्हा दुपार व्हायला आली होती, ओसरी भरली होती. पांढऱ्या चादरीवर पोथ्या उन्हात पसरलेल्या, बायका नव्या लाल कापडाच्या कडा शिवत बसलेल्या, त्यांत कस्तुरी — ती मघाच पुढं आली होती. त्यांची पोथी मात्र वेगळ्या चौरंगावर, अडीच द्वीपांचं पान उघडून ठेवलेली, आणि तिच्याभोवती गर्दी. चष्म्यातून सगळं फार स्वच्छ दिसत होतं. इतकं स्वच्छ दिसायची सवय राहिली नव्हती. मधोमध जंबूद्वीप, मग लवणसमुद्राची निळी कडी, धातकीखंड, कालोद समुद्र, मग पुष्करद्वीप आणि त्याला मधोमध चिरत गेलेला मानुषोत्तर पर्वत, गोल भिंतीसारखा. माणसाची हद्द तिथं संपते. त्याच्या पलीकडे माणूस जात नाही, जन्मत नाही, मरत नाही. देव असतात, पशू असतात. माणूस नाही.

"हरीण बगा की किती ग्वाड काडलंय," गर्दीतल्या हरणाबाई शेजारणीला दाखवत होत्या.

हरीण! पर्वताच्या बाहेर, उजव्या बाजूला, पिवळ्या जमिनीवर मान वळवून बसलेलं तांबूस हरीण, तांदळाच्या दाण्याएवढं. हो, गोड आहे. मास्तरांचा हात चांगलाच आहे, त्यात वाद नाही. आणि मास्तरांना वाटलं की आत्ता हे पान उचलावं, टराटरा फाडावं आणि हरणाबाईंच्या मांडीवर टाकावं. कारण जुन्या पानावर त्या जागी हरीण नव्हतं. बाई होती.

एक बाई. काष्टा घातलेली, डोक्यावर पदर, काखेत घागर, आपल्याकडे पाठ. पर्वताच्या पलीकडे, जिथं माणूस असूच शकत नाही तिथं, बाहेरच्या समुद्राकडे तोंड करून उभी. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुण्या चिताऱ्यानं काढलेली, दाण्याएवढीच, पण पदराची किनारसुद्धा सोडली नव्हती त्यानं. पहिल्या दिवशी दिसली तेव्हा मास्तर हसले होते. चूक, म्हणाले मनात. झोपेत काढली असेल. मग महिनाभर त्या पानापाशी गेलेच नाहीत. कोण असेल? त्याची बायको, मेलेली? पळून गेलेली? पोथी ज्या बाईनं व्रताच्या उद्यापनाला करवून घेतली ती? की रोज सकाळी तो रंग घोटत असताना नदीवरून पाणी घेऊन जाणारी कुणीही... आणि तीस वर्षं मी पोरांच्या कानीकपाळी ओरडत आलो, माहीत आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा! तो मी, एका दुपारी कुंचला ओला केला आणि बाईच्या जागी हरीण बसवलं. शास्त्राला धरून. पशू चालतो तिथं. कुणी बोट ठेवणार नाही. आणि जुनी पोथी आहेच की कपाटात, ज्याला बाई बघायचीय तो तिथं बघेल — असं म्हणालो. स्वतःला म्हणालो. आता कुठं बघेल? डोहात जाऊन बघेल?

"चला मास्तर, जीप यायच्या आत वळ घाला तेवडी," जिनपाल मागून म्हणाला आणि त्यानं स्वतः बैठक टाकून दिली, कोरं पान पुढं ठेवलं, शाईची बशी उजव्या हाताला सरकवली. त्याच्या बोटांत दोन अंगठ्या होत्या. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज इतका चढला की शिवणाऱ्या बायका थांबल्या. त्यांनी सगळं सांगितलं. बाई सांगितली, घागर सांगितली, हरीण सांगितलं. हे सगळं खोटं आहे, म्हणाले, आणि खरं काय ते दाखवायला तुम्ही काही ठेवलं नाहीत, अडाणी लोकहो, बुडवलंत, बँड लावून बुडवलंत.

जिनपाल चौरंगापाशी उकिडवा बसला, उघड्या पानावर वाकला, मानुषोत्तरावरून बोट फिरवत पार बाहेर गेला, आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला,

"मानुषोत्तराच्या पलीकडं मानूस न्हाईच की, मास्तर. चूक हुती, ती तुमी काडलीसा. बरोबरच केलंसा. ह्यात दोष कसला?"

अगदी हेच. शब्दाला शब्द. कुंचला ओला करताना मास्तर स्वतःशी जे म्हणाले होते ते या उसाच्या बागायतदारानं जसंच्या तसं त्यांच्या तोंडावर फेकलं होतं, वर दोष पण धुऊन दिला होता, फुकटात. आठ दिवस ज्याच्या नावानं दात-ओठ खाल्ले तो आपल्याच पंगतीला मांडीला मांडी लावून बसलेला निघाला. राग होता, पण तो कुणावर सोडावा हे कळेना.

जिनपाल उठून जीप बघायला रस्त्यावर गेला. मग कस्तुरी आली. सुई-दोरा पदराला टोचून ती चौरंगापाशी बसली, हरणाकडे बराच वेळ बघत राहिली. तीन वर्षं ती शेजारी होती आणि या पानाबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता, मास्तरांनीही विचारलं नव्हतं. रंग घोटणाऱ्या माणसाला काय विचारायचं!

"मला रोज दिसायची ती," कस्तुरी हळू म्हणाली. "तुमी हरीण काडलंसा तवा मला वाटलं, तुमाला ती दिसलीच न्हाई. डोळा बिगडला हुता न्हवं तुमचा."

केवढी सोपी वाट होती! डोळा. मोतीबिंदू. साताऱ्याच्या डॉक्टरचा कागद पेटीत आहे. दिसली नाही म्हणून काढली नाही, मग ओळसुद्धा खरी — जसं पाहिलं तसं लिहिलं. उचल बोरू आणि लिही. बायकोनंच हातात आणून दिलं होतं, आणि तिला त्यातलं काही कळत नव्हतं असंही नाही, तिचे डोळे त्यांच्यावर होते.

"दिसली होती," मास्तर म्हणाले. "अगदी स्वच्छ दिसली होती."

"मग?"

मग... शास्त्र, म्हणायला गेले. पंच, म्हणायला गेले. एकेक कारण तोंडापर्यंत येत होतं आणि कस्तुरीच्या समोर उभं राहत नव्हतं. त्या जुन्या माणसाला ती तिथं दिसली आणि त्यानं ती काढली. माणूस नाही म्हणून सांगणारं शास्त्र समोर ठेवून काढली. खाली बिनदिक्कत तीच ओळ लिहिली आणि झोपी गेला असेल निवांत. आणि मी? गावात सगळ्यांचे कान धरणारा मी, पोरांच्या हातांवर पट्ट्या मारणारा मी, एवढ्याशा बाईपुढं, पाठमोऱ्या...

"भ्यालो," ते म्हणाले.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. मास्तरांनी सवयीनं मनात जिनपालला एक शिवी हासडायला घेतली, आणि ती अर्ध्यातच राहिली. कस्तुरी अजून समोर बसून होती, कोरं पान तसंच पुढं होतं. तिच्याकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं.