खंडेनवमीला पुजलेली तलवार

तलवारीला रोज खायला घालावं लागतं, असं मालनला कोणा परक्याने सांगितलं असतं तर तिने त्याला ताक पाजून, उन्हात फिरू नको म्हणून घरी पाठवलं असतं. पण सांगणारा पोटचा पोर होता. आणि पोटचा पोर इतक्या वर्षांनी आपणहून काही मागत असेल, तर आई तलवारीलाच काय, तोफेलाही वरणभात भरवेल.

अनुज प्रवाशांच्या एका मोठ्या बोटीवर स्वयंपाकघरात कामाला होता. गेला तो बापाशी भांडून, आणि भांडणाच्या मुळाशी हीच तलवार. मोबाईलवर जगभरची पोरं मिळून खेळतात असा एक खेळ आहे. त्यात साधी हत्यारं ढिगाने मिळतात, आत्मा असलेली तलवार मात्र नशिबाने. एका पडक्या मठाच्या राखणदाराला हरवलं की तलवार हाती लागते, पण ती रिकामी. तिच्यात राहायला एखादा आत्मा राजी व्हावा लागतो. तो राजी झाला की त्याला नाव द्यायचं, रोज तेज खाऊ घालायचं आणि पायरी पायरीने वाढवायचं. नायगावच्या क्लेटनला जोडीला घेऊन अनुज कॉलेजची वर्षं त्या राखणदाराच्या मागे होता. कॉलेजात गचकला, मठात मात्र पास झाला. त्या दिवशी तो घरभर नाचला, आणि मालनने काही न कळता त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

शांतारामला हे मानवणं शक्य नव्हतं. उमेळे गावाच्या चारी बाजूंनी इमारती उठल्या तरी हा माणूस आपली वाडी धरून बसलेला. केळी, कागड्याची फुलझाडं, थोडी पानवेल आणि मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या लेखी हत्यार म्हणजे वडिलांच्या हातचा कोयता, बाकी सगळी सोंगं. एकदा बाजाराचा टेम्पो दारात उभा होता, केळीचे लोंगर भरायचे होते, आणि अनुज खोलीत तलवारीला वरच्या पायरीवर चढवायच्या लढाईत गुंतलेला. शांतारामने हाका मारल्या. मग हाका मारायचं सोडून तो कोयता घेऊन आला आणि भिंतीवरून येणारी इंटरनेटची वायर एका घावात तोडली. लढाई अर्धवट राहिली आणि तलवार घसरून कितीतरी पायऱ्या खाली आली. अनुज त्या तुटक्या टोकाकडे बघत म्हणाला, तुम्हाला फक्त तोडता येतं. बाप म्हणाला, आणि तुला काय जोडता येतं ते दाखव एकदा. दोघेही आपापल्या जागी खरे होते, म्हणून तर भांडण मिटलं नाही. पोरगा बोटीवर चढला, आणि त्यानंतर बापलेकांत शब्द नाही. आईला सणासुदीला एक फोन, तोही चुलीवर काही ठेवल्यासारखा घाईचा.

बोटीवरचं नेट तोकडं. फोन कसाबसा लागे, खेळ चालत नसे. म्हणून तलवार क्लेटन सांभाळत होता. पुढे क्लेटन कॅनडाला गेला, त्याला तिकडे स्वतःलाच सांभाळायची मारामार, आणि मग अनुजला आई आठवली. गरजेपोटी आठवली हे मालनला कळत नव्हतं असं नाही. ती काही खुळी नव्हती. पण घसा कोरडा पडलेल्या माणसाने विहीर कोणाची हे विचारत बसू नये.

अनुजचा जुना मोबाईल कपाटात पडून होता. बोट बंदराला लागली तेव्हा त्याने तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल करून, तिला समोर बसवून सगळं शिकवलं. खेळातल्या त्याच्या माणसाला माळावर न्यायचं, तिथली बारकी बारकी भुतं मारायची, त्यांचं तेज गोळा करायचं आणि तलवारीला द्यायचं. पहिल्या दिवशी मालनचा अंगठाच उठेना. ज्या बाईला चिंबोरी उकळत्या पाण्यात सोडताना तोंड फिरवावं लागतं, ती भुतं काय मारणार. तिने आधी हात जोडून भुतांची माफी मागितली आणि मग एकेकाला लोळवलं. पुढे पुढे माफी मागायचं राहून गेलं.

एक गोष्ट अनुजने दोनदोनदा बजावली. आत्मा लहान असताना आठवडाभरही उपाशी राहतो. जसजसा वाढतो तसतशी त्याची सहनशक्ती कमी होते. आता तो इतका वर गेला होता की एक दिवस जरी चुकला तरी तलवार सोडून कायमचा जाईल. खेळातला दिवस पहाटे साडेपाचला उलटतो, त्याच्या आत खाणं पोटात गेलं पाहिजे. मोठं झालं की सहन होत नाही, हे मालनला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या घरात असे दोन होते.

आणि आत्म्याचं नाव होतं भालचंद्र. अनुजच्या आजोबांचं नाव. त्यांनी या नातवाला खांद्यावर बसवून वाडी दाखवली होती, आणि ते गेले तेव्हा पोरगा तीन दिवस बावखलाच्या काठावरून उठला नव्हता. नाव वाचून मालनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती अनुजला काही बोलली नाही. बोलली असती तर त्याने विषय बदलला असता.

मग रोज दिवेलागण झाली की ती मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसून भालचंद्रला जेवू घाली. आणि रोज, बोट कुठल्याही समुद्रात असो, फोन येई. "आई, फीड केलंस ना?" एवढंच आधी. पण एवढ्यावर फोन थोडाच संपतो? मग ती विचारी, तू जेवलास का. मग तो सांगे, आज इतक्या माणसांचा रस्सा केला, खारट झाला. मग ती सांगे, कागडा यंदा बरा आहे. एकदा तिच्या हातून तलवार एक पायरी वर चढली, तेव्हा तो लहानपणी हसायचा तसा खदखदून हसला आणि म्हणाला, आई, तू भारी आहेस. त्या रात्री मालन जेवली नाही तरी तिला चाललं असतं. तिला एकच हवं होतं, या धाग्याचं दुसरं टोक कधीतरी शांतारामच्या हातात द्यायचं.

शांतारामपासून हे सगळं लपवलेलं. पण एका घरात राहून किती लपणार? भाद्रपदात एका संध्याकाळी तो वाडीतून लवकर परतला आणि थेट मागच्या दारी आला. मालनच्या हातात मोबाईल, मोबाईलवर निळी तलवार, खाली नाव. कोयता त्याच्या हातातच होता. "अनुजचं आहे," एवढंच ती म्हणाली. शांतारामला इंग्रजी अक्षरं जुळवून जुळवून वाचावी लागत. त्याने ती जुळवली. बापाचं नाव वाचून झाल्यावर तो पाय धुवायला गेला, आणि बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला.

त्यानंतर संध्याकाळी तो मागच्या दाराकडे फिरकेनासा झाला. आत बसून खाकरे, म्हणजे मी येत नाही, तुझं चालू दे.

आता या घराची एक रीत सांगायला हवी. खंडेनवमीला सकाळी हत्यारांची पूजा. कोयता, कुदळ, पहार, विळे, पंपाचे पान्हे-पकडी, सगळं घासून पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, कागड्याची फुलं, खिरीचा नैवेद्य. एकदा पूजा झाली की दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यातलं एकही उचलायचं नाही. वर्षभर राबणाऱ्या हत्याराला एक दिवस आराम. आजोबा भालचंद्र हयात असताना एकदा केळ पडून वाट अडली होती, तर दिवसभर सगळे तिच्यावरून उड्या मारत गेले, पण कोयत्याला हात लागला नाही.

त्या सकाळी मालन खीर घेऊन बाहेर आली तर शांताराम पाटासमोर बसलेला. सगळी हत्यारं मांडून झालेली. मधोमध बापाचा कोयता, आणि कोयत्याला टेकवून, स्वच्छ पुसून, अनुजचा मोबाईल. त्यावर हळदकुंकवाची बोटं उमटलेली आणि एक टपोरं फूल.

"पोऱ्याचं पन हत्यारच हाय ते," शांताराम तिच्याकडे न बघता म्हणाला. "बाबांच्या बाजूला राहू दे."

किती वर्षं मालनने या वाक्याची वाट पाहिली होती, आणि आलं ते नेमकं या रूपात. आजचं खाणं घालायचं राहिलं होतं. तिने खीर ठेवता ठेवता हळूच म्हणून पाहिलं, की हे रोज लागतं हो, एक दिवसही चालत नाही.

"आज सगळ्या हत्यारांना सुट्टी," तो म्हणाला. "त्याला पन घेऊ दे आराम."

तेव्हाच तिने नीट सांगायला हवं होतं, असं आपण इथे बसून म्हणू शकतो. पण तिला हा माणूस ठाऊक होता. सांगितलं असतं तर त्याने मुकाट्याने मोबाईल उचलून तिच्या हातात दिला असता, आणि जन्मात पुन्हा समेटासाठी हात पुढे केला नसता. ती गप्प राहिली. दुपारी शेजारचा श्रीपत आला, तर शांतारामने त्याला पाटापाशी नेऊन दाखवलं, हे आमच्या अनुजचं, यात आमच्या बाबांचं नाव घातलंय त्याने. श्रीपतला काही कळलं नाही, पण शांतारामचा चेहरा बघून त्याने मान डोलावली. मालन स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या आवाजात बोलताना तिने त्याला ऐकलं नव्हतं.

तिने स्वतःच्या फोनवरून अनुजला निरोप पाठवला. तो पोचलाच नाही; नेमकं त्या दिवशी बोटीवरचं नेट गेलेलं, रोजचा फोनही आला नाही. दिवेलागणीला ती पाटासमोर उभी राहिली, हात पुढेही केला. शांताराम ओटीवर बसून तिच्याकडे बघत होता. रागाने नाही, समाधानाने. तिने पुढे केलेल्या हाताने समईची वात सारखी केली आणि मागे वळली. मग तिने मनाची समजूत घातली. आत्मा आहे ना तो? मग खिरीचा नैवेद्य दाखवला तो कोणी खाल्ला? यंत्राचं तेज खाणाऱ्याला देवाघरचा घास चालणार नाही असं कुठे लिहिलंय? हसणाऱ्याने हसावं. पण ती रात्र तिने या एका विचाराच्या आधारावर काढली, आणि सात समुद्रापलीकडच्या कुठल्याशा यंत्राला खंडेनवमी माहीत नसते, हा विचार दारापर्यंत आला तरी आत येऊ दिला नाही.

दसऱ्याला आरती झाली. शांतारामने आधी कोयता उचलून कपाळाला लावला, मग मोबाईल, आणि तिच्या हातात दिला. ती मागच्या दारी गेली. तलवार होती, पण चुलीतल्या विझल्या कोळशासारखी. खाली इंग्रजीत एक ओळ होती. तिने अक्षरं जुळवली. भालचंद्र तुम्हाला सोडून गेला आहे.

त्याच सकाळी बोट बंदराला लागली आणि फोन आला. अनुजने नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही, त्याला खेळाकडून आधीच कळलं होतं. मालनने मात्र आधी आनंदाचीच बातमी सांगायची असं ठरवलं होतं. ती ऐकली की पोरगा बाकीचं विसरेल, अशी तिची समजूत. आईची समजूतच ती. ती घाईघाईने सांगू लागली की बाबांनी तुझा मोबाईल पुजला रे, स्वतःच्या हाताने, आजोबांच्या कोयत्याशेजारी ठेवला, म्हणून मी उचलला नाही.

"आधी वायर," अनुज म्हणाला. "आता हे. आणि या वेळी तू बाजूला उभी होतीस."

ती म्हणत राहिली, नाही रे बाळा, तसं नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. पण तो कोयता वायरीवर पडताना त्याने पाहिला होता, आणि त्या कोयत्याचं नाव निघाल्यावर पुढचं काही त्याला ऐकू येणार नव्हतं. फोन बंद झाला. थोड्या वेळाने निरोप आला. तो मोबाईल बंद करून ठेव. आता गरज नाही.

कशाची गरज नाही, हे त्याने लिहिलं नव्हतं. मालनने तो निरोप पुन्हा वाचला आणि पदराने मोबाईलवरचं कुंकू पुसलं.

दारात शांताराम उभा होता. हातात आपट्याची पानं. देवाला वाहून झाल्यावर एक जोडी त्याने वेगळी ठेवली होती.

"काय म्हनला?" त्याने विचारलं.

मालनला राग आला होता. पोराचा, बापाचा, त्या मेल्या भुताटकीच्या खेळाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पण तिने त्याच्या हातातली पानं पाहिली.

"नमस्कार सांगितलाय तुम्हाला," ती म्हणाली. "बरं वाटलं म्हणाला."

शांतारामने मान हलवली, एकदाच. ती वेगळी ठेवलेली पानं त्याने मोबाईलच्या पाठीमागे, त्याच्या कव्हरात खोचली.

त्यानंतर फोन आला नाही. दिवाळीलाही नाही. शांतारामने त्याबद्दल विचारलं नाही, बोटीवरच्या माणसाला कामं असतात, हे तोच श्रीपतला सांगे. पण आता दिवेलागण झाली की तो खाकरत आत बसत नाही. पाय धुऊन मागच्या दारी येतो, मालनच्या शेजारी धुण्याच्या दगडावर टेकतो, आणि ती मोबाईल हातात घेईपर्यंत थांबतो. त्या विझलेल्या तलवारीत त्याला काही उणं दिसत नाही, त्याने ती पेटलेली एकदाच पाहिली होती. मालन माळावर जाते, भुतं मारते, तेज गोळा करते. द्यायला आता आत कोणी नाही, म्हणून ते नुसतं साठत जातं.

"घातलंस बाबांना खायला?" शांताराम रोज विचारतो.

"घातलं," मालन सांगते.