राजाचा पार्ट

काशीरामाच्या गावात दर शिमग्याला नमनाचा खेळ होतो, आणि त्या नमनातला वग गेली बारा वर्षं काशीरामच लिहितो. लांज्यात त्याचा सत्कार झाला तेव्हा कुणीतरी विचारलं, तुम्ही का लिहिता? काशीराम छाती फुगवून म्हणाला, समाजाला जागं करायला. टाळ्या पडल्या. समाज काही जागा झाला नाही, ते सोडा.

खरं कारण मुंबईला नोकरी करत होतं. त्याचा एकुलता एक मुलगा, सुजय. राजाचा पार्ट सुजयचा ठरलेला, म्हणून तालमीसाठी तो पंधरा दिवस रजा काढून यायचा. पुढे पुढे म्हणायला लागला, बाबा, संवाद मोबाइलवर पाठवा, पाठ करून आयत्या वेळी येतो. त्या वर्षापासून काशीरामाच्या प्रत्येक वगात तलवारबाजी आली. ती काय मोबाइलवर शिकता येते? एका वगात तर राजा चक्क पुजाऱ्याशी लढला. लोक पोट धरून हसले, पण पोरगा पंधरा दिवस घरी जेवला.

गेल्या श्रावणात सुजय डेंग्यूनं गेला. तीन दिवसांत सगळं संपलं.

माघात नमन मंडळाचा निलेश बिचकतच ओटीवर आला. काशीरामानं यंदा नको म्हटलं असतं तरी त्यानं निमूट ऐकलं असतं. पण वही तयार होती. त्याला हायसं वाटलं आणि तो पानं चाळू लागला.

मंडळाची रीत अशी, की वहीत पात्राचं नाव लिहायचं नाही. जो काम करणार त्याचंच नाव लिहायचं, म्हणजे तालमीत घोळ होत नाही. निलेशनं वाचलं, ओमकार, विनीत, सुजय. पुन्हा सुजय. पानामागून पानं सुजयच बोलत होता, आणि तलवारबाजी तीनदा होती.

“काका,” तो हळूच म्हणाला, “ह्यो पार्ट ऋत्विक करंल. नाव तेवढं बदला.”

काशीरामानं पेन घेतलं, पहिल्या सुजयवर टेकवलं आणि तसाच बसून राहिला. दारात उभी असलेली त्याची बायको तुळसा तोंडाला पदर लावून आत गेली. मग त्यालाही रडू आवरेना.

“समाज-बिमाज काय नाय रे, निलेश. पोरगा घरी यावा म्हणून लिवीत होतो मी. यंदापन लिवताना वाटत होतं, पार्ट मोठा हाय, येल तो.”

काशीरामानं वही मिटून त्याच्या हातात दिली.

“घेऊन जा. नाव तू खोड. माज्या हातून नाय व्हायचं.”