मागच्या भिंतीवरची जाई

आईची जाई शेजाऱ्यांच्या छपरावर चढली, तेव्हा त्यांनी ती छाटायला सांगितलं. दोनदा सांगितलं. बाबा ऐकेनात. आईला जाऊन जेमतेम महिना झाला होता आणि तिने लावलेल्या वेलीला कात्री लावायला त्यांचं मन धजेना. फार पसरले तर शेंडे खुडायचे, आणि तेही न टाकता कुंड्यांत, रिकाम्या डब्यांत खोचायचे. खिडक्यांत, जिन्यात, न्हाणीघराच्या कट्ट्यावर, जिकडेतिकडे हिरवे कोंब उभे होते.

शेवटी मी मावशीला बोलावून घेतलं. आईची ही धाकटी बहीण. परगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात तिचा जन्म गेला. जाईचं मूळ रोप तिनेच दिलेलं. तिचं तरी बाबा ऐकतील असं वाटलं.

"भावोजी, घराचं जंगल केलंत की," ती जिन्यातूनच म्हणाली.

"तुझ्याच रोपाचे प्रताप. निस्तर आता."

महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा मोकळा वाटला.

मागच्या अंगणात जाऊन मावशीने एक पान उलटं करून पाहिलं. मग दुसरं. मग चष्मा पुसला.

"हे माझं रोप नाही."

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"ही जाई नाही, भावोजी. जाईच्या एका देठावर बारीक पानांच्या जोड्या असतात. हे बघा, एकच पान, बदामाच्या आकाराचं. ही बाहेरून आलेली वेल. दुसऱ्या झाडावर चढते आणि त्याचं ऊन खाऊन टाकते. पेराचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी रुजते."

बाबांनी मागे वळून जिन्यातल्या कुंड्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"मग जाई कुठंय?"

मावशीने दोन्ही हातांनी हिरवा पडदा फाडला. आत तपकिरी, काटकुळं खोड भिंतीला टेकून उभं होतं. तिने नखाने साल खरवडली. खाली हिरवं काही नव्हतं. फांदी वाकवली, तर कट्कन मोडली.

"दीड-दोन वर्षं तरी झाली असतील," ती हळूच म्हणाली.

मला पुस्तकातली झाडं तेवढी कळतात. बाबांना मागे आलेल्या एका मोठ्या तापानंतर कसलाच वास येत नाही, आणि पानाफुलांत त्यांनी कधी डोकं घातलं नव्हतं. आम्ही फसलो ते ठीक. पण आजारी आईची खाट अंगणाकडच्या याच खिडकीशी होती.

"मी रोज पाणी घालून आत जायचो," बाबा म्हणाले. "फुलं असली की पांढरा झुबका तिच्या हातात द्यायचो. ती नाकाशी धरायची. म्हणायची, आज वास छान आहे."

मावशी मोडलेली फांदी हातात फिरवत राहिली.

"तिला कळलं नसेल ना?"

"ताईला?" मावशी म्हणाली, आणि पुढचं तिने गिळलं.

बाबा पायरीवर बसले. मावशीने खुरपं उचललं आणि ती वर्गात सांगावं तसं एका सुरात सांगू लागली. फुलांचं बी व्हायच्या आत वेल काढायला हवी. मूळ राहता कामा नये. तुकडे मातीवर पडू द्यायचे नाहीत, काळ्या पिशवीत घट्ट बांधून पार वाळेपर्यंत उन्हात ठेवायचे. पुढे पाऊस पडला की पुन्हा बघायचं, कुठे फुटली का.

बाबा उठले. त्यांनी खुरपं तिच्या हातातून काढून घेतलं.

"कुंड्या आण," ते मला म्हणाले.

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी एकेक कोंब मुळासकट उपटला, माती झटकली, पिशवीत टाकला. चुकूनही एक पान खाली पडू दिलं नाही. न्हाणीघराच्या कट्ट्यावरचा डबा हातात असताना ते थांबले.

"आणखी काय काय कळत होतं तिला?"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं नव्हतं. मावशीने पिशवीचं तोंड उघडं धरलं होतं, ते तसंच धरून ठेवलं.