तिसरा मुद्दा

वरच्या कवळीतली शेवटची दाढ तिने मेणात टेकवली, गरम चाकूचं टोक हिरडीच्या कडेने फिरवलं आणि कवळी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. दाढ किंचित बाहेर आली होती. अंगठ्याने तिला केसभर आत ढकलून तिने कवळी ओल्या फडक्यावर ठेवली. मग शेजारच्या साच्यात प्लास्टर ओतलं, हात धुतले आणि डबा न उघडताच कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. प्लास्टर घट्ट व्हायला चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात भांडण उरकायचं होतं.

"आधी जेव," पॉलिशच्या चाकावरून मान न वळवता मावशी म्हणाल्या. "तो कासव काही पळून जात नाही."

"काल मला कंपनीचा चमचा म्हणाला."

"मग आहेसच तू."

मावशी तिच्या नात्यातल्या नव्हत्या. त्या कवळ्यांना पॉलिश करायच्या, ही कवळ्या घडवायची, आणि अठरा वर्षं एकाच खोलीत प्लास्टरची धूळ खाल्ल्यावर नात्याचं निराळं काही शिल्लक राहत नाही. कॉम्प्युटर खरं तर दातांच्या डॉक्टरांच्या ऑर्डरी बघण्यासाठी ठेवलेला होता. पण जेवणाच्या सुटीत त्याच्यावर गेली दोन वर्षं एक खेळ चालू असे.

खेळ तेरा वर्षांचा जुना. डोंगर, जंगलं, गावं, आणि त्यात जगभरची माणसं टोपणनावाने हिंडणारी. झाडं चौकोनी, पाणी शाळेतल्या मुलाने रंगवल्यासारखं. आजवर त्यात चार वेळा नव्या प्रदेशांची भर पडली होती आणि चारही वेळा जुन्या लोकांनी खेळ मेला म्हणून गळे काढले होते. आता पाचवी भर येत होती, आणि या वेळी कंपनीने चक्क मतं मागवली होती. एक तर खेळ आहे तसा ठेवायचा, म्हणजे महिन्याची वर्गणी भरायची आणि जुना नकाशा जपायचा. नाही तर वर्गणी बंद, खेळ सगळ्यांना फुकट. मात्र उत्तरेचं जुनं तळं बुजवून तिथे एक भलामोठा बाजार उठणार, आणि कंपनी त्या बाजारावर जगणार. मत द्यायला आणि दिलेलं बदलायलाही शुक्रवार संध्याकाळपर्यंत मुदत होती. आज गुरुवार.

कासव वर्गणीच्या बाजूने होता. ती फुकटच्या.

चर्चेच्या पानावर तिचं नाव होतं 'खडू'. तिने काल लिहिलं होतं, 'माझे तीन मुद्दे आहेत. पहिला, वर्गणीमुळे नवी माणसं येत नाहीत, आणि माणसं आली नाहीत तर खेळ आपोआप बंद पडेल. दुसरा, ज्या तळ्यावर वर्षभरात चार माणसं जात नाहीत, त्याच्यासाठी बाकीच्यांनी पैसे का भरायचे?' तिसरा मुद्दा नव्हता. तो कधीच नसे. तीन म्हटलं की वजन येतं, एवढाच त्याचा उपयोग. पण लोकांना तिचं पटत होतं. तिच्या बाजूला दोनशेच्या वर माणसं जमली होती आणि हिशेब सरळसरळ बाजाराकडे झुकला होता.

आणि तिला त्या बाजाराचं काडीचंही घेणंदेणं नव्हतं.

कासव तिचा धाकटा भाऊ होता. लहानपणी बूट घालायला अर्धा तास लावायचा म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. त्याने ते खेळातही घेतलं. सहा वर्षांत तो घरी आला नव्हता, की फोनवर बोलला नव्हता. दोन वर्षांपूर्वी, एका रिकाम्या दुपारी, ती या खेळात शिरली ती रागानेच. ज्याच्यापायी घरात एवढं झालं, ते आहे तरी काय, हे तिला बघायचं होतं. तिथे चर्चेच्या पानावर कासव हे नाव दिसलं, त्याखाली त्याचं ते घोळून घोळून बोलणं दिसलं, आणि तिने काहीही विचार न करता खाली लिहून टाकलं, 'साफ चूक.' पाच मिनिटांत उत्तर आलं. हो म्हटलं असतं तर त्याने अंगठ्याचं चित्र टाकून विषय संपवला असता. म्हणून दोन वर्षं ती नाही म्हणत आली होती. तो डावीकडे गेला की ती उजवीकडे. रोज दुपारी त्याची चार वाक्यं मिळायची. चिडलेली का असेनात, पण तो जेवला असेल, बरा असेल, एवढं त्यातून कळायचं.

शुक्रवारी मतदान संपलं की ते पान बंद होणार होतं. तसं कंपनीने जाहीरच केलं होतं. त्यानंतर त्याला कुठे गाठायचं, हे तिला माहीत नव्हतं.

आज मात्र पानावर भांडण नव्हतं. तिच्या नावाने वेगळा निरोप आला होता.

'खडू, तुम्ही ते तळं कधी पाहिलंय का?'

तिने खरं सांगितलं. 'नाही. मी पहिल्या गावाबाहेरच गेले नाही कधी.'

'दोन वर्षांत?'

'मेणबत्त्या विकते मी. धंदा सोडून कुठे जाणार?'

'मग मत बदलू नका, पण एकदा बघून घ्या. मी घेऊन जातो. वीस मिनिटं लागतील.'

तिने घड्याळ पाहिलं. प्लास्टरला अजून पस्तीस मिनिटं होती.

वेशीबाहेर कासव उभा होता, पाठीला ढाल बांधलेला, चांगला दांडगा. ती मेणबत्त्यांची टोपली घेऊन मागून निघाली. पहिल्याच वळणावर तिला रानडुकराने मारलं. ती पुन्हा गावात जिवंत झाली, पुन्हा वेशीवर आली, तर तो तिथेच परत येऊन थांबलेला.

'माझ्या मागे राहा. आणि पळू नका.'

'मी पळाले नाही. बटण चुकलं.'

"मेलीस?" मावशींनी विचारलं.

"एकदा."

"मग आता तरी जेव."

तो पुढे, ती मागे, असे ते जंगलातून गेले. ती अडखळली की तो थांबायचा, आणि ती जवळ आल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. बूट घालायला अर्धा तास लावणारा तो हाच का, असं तिच्या मनात आलं. तेव्हा शाळेच्या रस्त्यावर ती पुढे असायची आणि 'चल की रे' म्हणून ओरडायची. एकदाही थांबल्याचं तिला आठवत नव्हतं.

झाडी संपली आणि तळं आलं.

त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. निळसर पाणी, लाकडी धक्का, आणि धक्क्याला बांधलेली एक होडी. होडीत टोपी घातलेला एक म्हातारा बसला होता. हातात गळ, मान जराशी खाली. या खेळात माणूस बाहेर पडला, त्याची वीज गेली, काही झालं, तरी त्याचं पात्र होतं तिथेच पेंगत बसून राहतं. वर्गणी भरलेली असली की कोणी त्याला उठवत नाही.

म्हाताऱ्याच्या डोक्यावर नाव लिहिलेलं होतं, 'रजेवर'.

तिचा हात माउसवरून निघून मांडीवर आला.

बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. लागून आठ दिवस रजा त्यांना कधी मिळाली नाही. नंतर उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, आणि भेटायला येणाऱ्याने 'आता निवृत्त झालात' म्हटलं की त्या वाकड्या तोंडानेच म्हणायचे, "निवृत्त नाही. रजेवर आहे."

'हे कोण?' तिने लिहिलं. एवढंसं लिहायला तिला वेळ लागला.

'माझे वडील. एक हात चालायचा त्यांचा. मी त्यांना माझा जुना कॉम्प्युटर लावून दिला होता. लढाया त्यांना नको असायच्या. इथे येऊन मासे धरायचे. गाडी चालवून पोचलो म्हणायचे.'

खाली त्याची पुढची ओळ आली.

'शेवटच्या दिवशीही इथेच होते. मी समोर लॅपटॉपवर होतो, इथे या धक्क्यावर. होडी हलेना. मला वाटलं, मासा लागायची वाट बघतायत. मीही थांबलो. तासभर तरी थांबलो असेन.'

त्या दिवशी ती साडेचारला घरी पोचली होती. बाबांची खुर्ची टेबलाशी ओढलेली, मान खाली. पलीकडे हा, कानाला हेडफोन लावून पडद्याकडे बघत बसलेला. बाबांचा हात धरताच तिला कळलं. ती ओरडली, आणि मग चुलत्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर म्हणाली, "बाबा समोर गेले आणि तू खेळत बसलास." त्याने वर पाहिलं नाही, की एक अक्षर उच्चारलं नाही. पंधरा दिवसांनी बॅग घेऊन निघून गेला. न बोलणं म्हणजे कबुली, असंच ती धरून चालली.

'त्यांचं पात्र मी कधी उघडलं नाही,' कासवाने लिहिलं. 'उघडलं असतं तर हलवावं लागलं असतं. वर्गणी तेवढी भरतो. आता तुम्हाला कळलं ना, मी का भांडतो ते? लोकांना हे सांगावंसं वाटलं नाही. मत बदला असं म्हणत नाही.'

'घरी कोणाला माहीत आहे?'

'ताई आहे. तिला नाही सांगितलं.'

'का?'

'काय सांगणार? समोर बसून मला कळलं नाही, हे तर खरंच आहे. ती खोटं बोलली नव्हती.'

मावशींनी चाक बंद केलं. खोलीत एकदम शांत झालं. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावरच्या प्लास्टरच्या धुळीत उतरलं आणि तिथे पांढरट ओघळ उठला. तिने तो पुसला नाही. टेबल तिनेच आवरलं होतं त्या दिवशी, रागारागाने, वायरी ओढत. बाबांचा डावा हात टेबलावर पडलेला होता, तो तिने उचलून मांडीवर ठेवला होता. आणि त्या हाताशेजारी, कीबोर्डच्या डाव्या बाजूला, माउस होता. कॉम्प्युटर भावाचा, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि भाऊ तर उजव्या हाताचा. तरी माउस डावीकडे का, हे तिला तेव्हा सुचलं नाही. सहा वर्षं सुचलं नाही. दुसऱ्याच्या तोंडातला दात केसभर बाहेर आला तर जिच्या नजरेतून सुटत नाही, तिच्या नजरेतून हे सुटलं.

आणि दोनशे माणसं गोळा करून ती हेच तळं बुजवायला निघाली होती.

ती लिहू लागली. दोनदा खोडलं.

'मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, त्या दिवशी माउस डावीकडे होता. मी तो उचलला, तरी मला कळलं नाही. दुसरी, मी जे बोलले ते बोलायला नको होतं. तुला नाही, आणि सगळ्यांच्या समोर तर नाहीच.'

तिने बटण दाबलं आणि हात तोंडावर धरला.

पडद्यावर काही हललं नाही. धक्क्यावर तो ढाल बांधून उभा, होडीत म्हातारा, आणि मध्ये मेणबत्त्यांची टोपली घेतलेली ती. गेला, असं तिला वाटलं. आता हेही गेलं.

मग तो हलला. धक्क्यावरून होडीत उतरला, म्हाताऱ्याच्या उजव्या बाजूला बसला आणि डावी जागा मोकळी ठेवली.

'ये, बस,' त्याने लिहिलं. 'जपून. बटण चुकवू नकोस.'

ती उतरली. बटण चुकलं नाही.

'तुला कधीपासून माहीत होतं?' तिने विचारलं.

'पहिल्या आठवड्यातच. तीन मुद्दे म्हणून दोन सांगणारं आणखी कोण आहे? पण बोललो असतो तर तू भांडायची थांबली असतीस.'

ती रडता रडता हसली, आणि ते मावशींनी पाहिलं.

'उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे,' तिने भराभर लिहिलं. 'ती दोनशे माणसं मी जमवली ना, मीच फोडते. एकेकाला धरून भांडते. तू बोलू नकोस, तुला वेळ लागतो.'

'बरं.'

"अगं, तुझं प्लास्टर कधीचं घट्ट झालंय," मावशी म्हणाल्या. "आणि ती वरची कवळी डॉक्टरांना चारपर्यंत हवी आहे. काय सांगू त्यांना?"

"उद्या देते म्हणावं."

"उद्या? तू?" अठरा वर्षांत मावशींनी हे ऐकलं नव्हतं. "कारण काय सांगू?"

"सांगा, रजेवर आहे."

पडद्यावर होडी पाण्यावर जराशी डुलत होती. खाली त्याची नवी ओळ येऊन थांबली होती.

'ताई, तिसरी गोष्ट राहिली.'

तिने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिसरा मुद्दा लिहायला घेतला.